मोटारसायकलचे जुने ऑइल पुरते निघत नाही? या चुका टाळा

घरच्या घरी ऑइल बदलले, नवे ऑइल मधासारखे स्वच्छ दिसले, आणि चिपळूणहून गुहागरला एक फेरी मारून आल्यावर ऑइलची पातळी मोजायची काठी (डिपस्टिक) काढून पाहिली तर तिला पुन्हा काळपटच ऑइल लागले, ही तक्रार नवशिके हटकून करतात. त्यात घाबरण्यासारखे बहुधा काही नसते. इंजिनाच्या तळाचा, ऑइल काढण्याचा ड्रेन बोल्ट काढल्यावर आपल्या वजनाने जेवढे ऑइल खाली उतरते तेवढेच बाहेर येते. गिअरच्या दातांवर, क्लचच्या प्लेटांमध्ये, बारीक वाहिन्यांत आणि चेंबरच्या, म्हणजे ऑइल साठते त्या इंजिनाच्या तळभागाच्या, कोपऱ्यांत राहिलेले तिथेच राहते आणि नव्याला काळे करते. म्हणूनच अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ऑइलचे दोन आकडे दिलेले असतात, एक नुसते ऑइल बदलताना भरायचा आणि दुसरा इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडल्यावर भरायचा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत या दोन आकड्यांतील फरक बहुधा २०० मिलिलिटरच्या आसपास असतो. एवढे जुने ऑइल आत राहणार, हे गाडी बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले आहे. त्याहून जास्त राहिले, तर मात्र चूक आपली.

उतारावर उभी केलेली गाडी

कोकणात ही चूक सर्वांत जास्त होते आणि ती सहजासहजी लक्षातही येत नाही. आपल्या घरापुढचे खळे पावसाचे पाणी निघून जावे म्हणून मुद्दाम एका बाजूला उतरते केलेले असते, आणि जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी असली तरी ती क्वचितच समतल असते. अशा जागी गाडी साइड स्टँडवर लावली, की इंजिन डावीकडे कलते आणि बोल्ट दुसऱ्या बाजूला असल्यास चेंबरच्या खोलगट भागात बरेच ऑइल अडून राहते. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करावी, आणि डबल स्टँड नसेल तर कोणाला तरी ती सरळ धरून ठेवायला सांगावे. शेवटी धार तुटल्यावर गाडी हलकेच दोन्ही बाजूंना कलवून पाहिली, तर अडलेले ऑइल पुन्हा वाहू लागते.

थंड इंजिन आणि घाई

इंजिन चार-पाच मिनिटे चालवून कोमट केले, की ऑइल पातळ होते आणि तळाला बसलेला गाळही त्याच्याबरोबर निघतो. मात्र कुंभार्ली घाट चढून आल्याबरोबर बोल्टला हात लावू नये, कारण तेव्हाचे ऑइल कातडी भाजण्याइतके तापलेले असते. बोल्ट काढण्यापूर्वी ऑइल भरायचे वरचे झाकण उघडावे. आत हवा शिरली नाही तर धार अडखळत येते. धार संपल्यावर थेंब पडू लागतात, आणि नेमक्या याच वेळी लोक बोल्ट लावून मोकळे होतात. आणखी पंधरा-वीस मिनिटे थांबावे. किकची गाडी असेल तर इग्निशन बंद ठेवून चार-पाच वेळा किक हळू दाबावी, म्हणजे पंपात आणि वाहिन्यांत अडकलेले थोडे ऑइल उतरते.

फिल्टर किंवा ऑइल गाळणारी जाळी काढायची राहून जाणे ही याच घाईची बहीण. कागदी फिल्टर असेल तर त्याच्या खोबणीत बरेच जुने ऑइल साचलेले असते, म्हणून बोल्ट उघडा असतानाच तोही काढावा आणि त्याची जुनी ओ-रिंग (रबरी कडी) झाकणाला चिकटून राहिलेली नाही ना, हे पाहावे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या मालकांनी एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे तिच्या गिअरबॉक्सचे आणि प्रायमरी चेनकेसचे (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या पेटीचे) वंगण इंजिनाच्या ऑइलपेक्षा वेगळे असते आणि एकच बोल्ट उघडून ते सारे रिकामे होत नाही.

शेवटच्या थेंबाचा हट्ट

याच्या उलट टोकाची चूक मला अधिक घातक वाटते. राहिलेले ऑइल धुऊन काढण्यासाठी इंजिनात डिझेल किंवा रॉकेल ओतून ते फिरवण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. ज्या कोपऱ्यांतून ऑइल निघाले नाही त्याच कोपऱ्यांत आता डिझेल अडकून राहते, नवे ऑइल पातळ करते आणि बेअरिंगवरचा ऑइलचा थर धुऊन टाकते. म्हणजे जुन्या पण वंगण देणाऱ्या पदार्थाच्या जागी आपण वंगण न देणारा पदार्थ ठेवलेला असतो. वरच्या तोंडातून कॉम्प्रेसरची हवा मारणेही टाळावे. आपल्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेले असते आणि ते हवेबरोबर आत जाते. ऑइल नसताना इंजिन क्षणभर चालू करणे तर कोणत्याही परिस्थितीत नको.

निघाले किती, हे न मोजणे

निघालेले ऑइल घमेल्यातून मापाच्या भांड्यात ओतून मोजावे. एकदा मी ते न मोजताच बाटलीतले १ लिटर सगळे भरले. गाडी कललेली होती, आत जुने बरेच राहिले होते, आणि चार दिवसांनी एअर फिल्टर ऑइलने चिंब भिजलेला सापडला. पातळी वर गेली की ऑइल घुसळून फेसाळते आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ एअर फिल्टरकडे सोडणाऱ्या, नळीतून बाहेर फेकले जाते. त्यामुळे आधी ठरलेल्यापेक्षा थोडे कमी भरावे, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे आणि गाडी सरळ असताना काठी पाहावी. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत काठी आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पातळी वाचायची असते.

खाऱ्या हवेने गंजलेला बोल्ट जोर लावून पिळू नये. चेंबर ॲल्युमिनियमचे असते आणि आटे गेले की खर्च वाढतो. वॉशर दरवेळी नवा घालावा. निघालेले काळे ऑइल विहिरीजवळ किंवा पऱ्यात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, म्हणून डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

ऑइल दुधाळ दिसले तर

पावसाळ्यात फक्त झाकणाच्या आत पांढुरकी साय दिसली, तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते न तापल्याने साचलेल्या वाफेची असते आणि एका लांब फेरीनंतर निघून जाते. काठीवरचे सगळेच ऑइल चहासारखे दुधाळ असेल, तर पाणी आत शिरले आहे असे समजावे. गाडीला रेडिएटर असल्यास कूलंटची गळतीही तपासावी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात पाण्याखाली गेलेल्या गाड्यांसारखी स्थिती असेल, तर किक किंवा सेल्फ न मारता आधी बोल्ट उघडावा. गाडी काही तास उभी राहिलेली असल्यास ऑइलपेक्षा जड असलेले पाणी तळाला बसते आणि तेच आधी निघते. एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि प्लग साफ झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथे मात्र एकदा ऑइल बदलून भागत नाही. पाचवा हिस्सा आत राहतो असे धरले, तर पहिल्या वेळी २० टक्के, दुसऱ्या वेळी ४ टक्के आणि तिसऱ्या वेळी १ टक्क्याहूनही कमी खराब ऑइल उरते. आधीच्या दोन खेपांना स्वस्त ऑइल चालेल, पण ते योग्य ग्रेडचे आणि जासो एमए प्रतीचे (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीच्या जपानी मानकाचे) हवे, कारण गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. प्रत्येक खेपेला इंजिन काही मिनिटे नुसतेच चालवून पुन्हा सगळे काढावे, आणि बाहेर येणाऱ्या धारेत पांढरेपणा दिसेनासा झाला की मगच चांगले ऑइल आणि नवा फिल्टर घालावा.