कंपनीतून शिकवायला येताय? पिशवीत एक खराब बेअरिंग ठेवा

अंबरनाथच्या एमआयडीसीत 14 वर्षं मेंटेनन्सला काढून मी मुंबईत पॉलिटेक्निकला शिकवायला आलो. पहिल्या वर्षी वर्गात नुसते कंपनीचे किस्से सांगितले. पोरं रंगून ऐकायची, पण तोंडी परीक्षेत 'बेअरिंग का गेलं?' विचारलं की माझंच वाक्य मला परत ऐकवायची. तेव्हापासून आधी वस्तू हातात देतो, किस्सा नंतर.

सुरुवात 6205 नंबरच्या बॉल बेअरिंगने करा. नवं नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळेल, खराब झालेलं मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मागा. नवं आधी द्या आणि नंबर वाचायला लावा: शेवटचे 05 गुणिले 5, म्हणजे आतला व्यास 25 मिमी. मग मोजू द्या. बाहेरून 52, रुंदी 15.

आता खराब झालेलं. बाहेरची रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती रिंग) तुम्हीच आधी गॉगल लावून ग्राइंडरने कापून ठेवा. ते काम पोरांना देऊ नका. आतल्या रेसवर नख फिरवायला सांगा. गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे लागतात. ते कशाने पडले, हे मात्र सांगायचं नाही. पहिल्यांदा मी पंधरा मिनिटं गप्प बसलो, फार जड गेलं. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, बसवताना बाहेरच्या रिंगवर हातोडी मारलीय. मार गोळ्यांतून आत गेला." अगदी तेच झालं होतं. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवरच द्यायचा, हे मग फळ्यावर लिहावं लागलं नाही. इथे तुमचा किस्सा सांगा. माझा असा: शिफ्ट संपता संपता मी असंच ठोकून बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी तोच पंप पुन्हा उघडला.

सिलॅबस मागे पडेल ही भीती नको. फिट्स-टॉलरन्स, म्हणजे किती घट्ट बसवायचं आणि मापात किती फरक चालतो, ते इथूनच शिकवा. 25 के6 शाफ्ट (के6 हा टॉलरन्सचा वर्ग) म्हणजे 25.002 ते 25.015 मिमी. वर्कशॉपचा व्हर्नियर 0.02 मिमी वाचतो; अख्खी टॉलरन्स त्याच्या एका भागात बुडते. तरी आधी व्हर्नियरच द्या. गटागटांचे आकडे जुळणार नाहीत, पोरं भांडतील, भांडू द्या. मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) वाचणारा मायक्रोमीटर त्यानंतर कपाटातून काढा.

जर्नलमध्ये एक पान ब्रेकडाउन रिपोर्ट लिहून घ्या: काय दिसलं, कशामुळे झालं, पुढच्या वेळी बसवताना काय करायचं. मराठीत लिहिला तरी मी पूर्ण मार्क देतो.