‘थोडंच वजन टाका’ म्हणजे किती?
घोट्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर पायावर ठरावीक वजनच टाकायला सांगतात. समजा 20 किलो. ते किती, हे पायाला आपोआप कळत नाही. वजनकाट्यावर शिकवावं लागतं. दुसऱ्या पायाखाली काट्याच्याच उंचीची घट्ट फळी ठेवा, वॉकरचा आधार घ्या आणि ऑपरेशन झालेला पाय काट्यावर हळूहळू दाबा. आकडा 20 वर आला की थांबा. तो दाब अंगवळणी पडेपर्यंत रोज करा. काटा जुना, सुईचाच बरा. बरेच डिजिटल काटे एकदा आलेला आकडा धरून बसतात, दाब वाढला तरी हलत नाहीत (गॅजेटप्रेमींनो, माफ करा). चालताना घाईत भार जास्तच पडतो, म्हणून मर्यादेच्या जरा खालीच राहा. वजन टाकायला अजून परवानगीच नसेल, तर हा प्रयोग नको.