गुलमर्गला स्की शिकायला जाताना

सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे टाकतो, वेळ आली तर बूड टेकतो, कारवीच्या झुडपांना धरतो. वर्षानुवर्षं ट्रेक केलेल्यांच्या अंगात हे इतकं मुरलेलं असतं की बर्फाच्या उतारावरही शरीर आपोआप मागे जातं. स्कीवर नेमकं तेच नडतं. वजन मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, आणि वेग वाढत जातो. गुलमर्गला माझे पहिले दोन दिवस ही सवय मोडण्यात गेले. "आगे, आगे झुको," प्रशिक्षक ओरडत होते आणि मला वाटत होतं की झुकलेच आहे.

म्हणून महाराष्ट्रातून स्की किंवा स्नोबोर्ड (दोन्ही पाय बांधायची एकच रुंद फळी) शिकायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, पहिल्या आठवड्याचं उद्दिष्ट एकच ठेवा: ठरवलेल्या जागी थांबता येणं.

कुठे आणि कधी जायचं

भारतात नवशिक्यांसाठी गुलमर्ग, उत्तराखंडमधलं औली आणि मनालीजवळचं सोलंग ही तीन ठिकाणं प्रामुख्याने आहेत. सोलंगचा उतार छोटा आहे, नुसती चव घ्यायला ठीक. औलीत गढवाल मंडल विकास निगमाचे स्कीचे कोर्स चालत आले आहेत आणि तिथले उतार शिकायला चांगले आहेत. मी गुलमर्ग निवडलं ते तिथल्या मैदानामुळे. साधारण २,६५० मीटर उंचीवरचं हे पसरट कुरण उन्हाळ्यात गोल्फ कोर्स असतं आणि हिवाळ्यात त्याचेच मंद चढउतार नवख्यांची शाळा होतात. घसरून गेलात तरी पुढे सपाटी येते.

२१ डिसेंबरला 'चिल्लई कलान' म्हणजे काश्मीरच्या कडक थंडीचे ४० दिवस सुरू होतात, पण बर्फाचा भरवसा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नसल्याने गुलमर्गमधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारी धरा, पण निघायच्या आठवड्यात तिथल्या माणसाला फोन करून मैदानावर किती बर्फ आहे ते विचारा.

पाच दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर शिकायचा बेत करू नका. गाडीतून उतरताच "तासाभरात शिकवतो" म्हणणारे भेटतील. त्यातले कित्येकजण याच उतारांवर वाढलेले उत्तम स्कीअर असतात, पण तासाभरात फोटोच निघतो. एकाच प्रशिक्षकाला सलग चार-पाच दिवसांसाठी ठरवा. दोन आठवडे काढू शकत असाल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग या गुलमर्गमधल्या संस्थेच्या कोर्सची चौकशी आधीच करा.

घरून करायची तयारी

सहा आठवडे पुरतात. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखं अधांतरी बसा. सुरुवातीला अर्धा मिनिट, मग दीड मिनिटापर्यंत. जिने चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. दात घासताना एका पायावर उभं राहा. उकिडवं बसता येणाऱ्यांना घोट्याच्या लवचिकपणाचा इथे खूप फायदा होतो.

कपडे

जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम गारठवतो. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. जॅकेट-पँट भाड्याने मिळतात. मोजे, वॉटरप्रूफ हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे असू द्या. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ऊन खालूनही लागतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा.

बूट: इथे घाई करू नका

पहिल्या दिवसाचा अर्धा तास बुटांसाठी राखून ठेवा. दुखतं म्हणून एक नंबर मोठा बूट घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. बूट सैल असला की गुडघा वळतो आणि स्की मात्र वळत नाही.

बुटात गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा हवा. दोन जाड मोजे घातले की घडी पडते, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. थर्मलची कड बुटात जाऊ देऊ नका. पाय घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, मग बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मोकळी झाली पाहिजेत. नडगी बुटाच्या जिभेला टेकते का आणि टाच उचलली जाते का, हे पाहा. टाच उचलली गेली तर दुसरा जोड मागा. दुकानदार कंटाळला तरी मागा.

स्कीची लांबी नवख्यासाठी साधारण हनुवटीइतकी पुरे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, लावून घेताना वजन खरं सांगा आणि आपण नवीन आहोत हेही सांगा. पडल्यावर स्की बुटापासून सुटली पाहिजे आणि ती कितपत जोरावर सुटायची हे ठरवताना ही माहिती लागते. बाइंडिंग गरजेपेक्षा घट्ट असेल तर पाय मुरगळतो तेव्हा स्की तशीच अडकून राहते आणि सगळा पीळ गुडघ्याला बसतो. हेल्मेटशिवाय उतारावर जाऊ नका.

पहिला दिवस

आधी नुसते बूट घालून चाला. मग सपाटीवर एकाच पायात स्की घालून दुसऱ्या पायाने ढकलत फिरा, मग पाय बदला. हे पोरकट वाटलं तरी टाळू नका, तोल इथेच सापडतो.

मग उताराची दिशा ओळखा. त्या जागी पाणी ओतलं तर ज्या वाटेने वाहील ती उताराची रेषा. स्की त्या रेषेला आडवी असेल तर तुम्ही उभे राहता, रेषेत आली की निघता. आडवं राहून, स्कीची वरची कड बर्फात रोवत, एकेक पाऊल वर चढा. खेकडा चालतो तसं.

आता थांबणं. स्कीची टोकं जवळ, मागची शेपटं लांब, असा कौलारू छपरासारखा आकार करा. गुडघे किंचित आत वळवा म्हणजे आतल्या कडा बर्फ खरवडतात. शेपटं जितकी फाकवाल तितका वेग कमी. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. नडगीने बुटाची जीभ दाबत राहा, दोन्ही हातांत जेवणाचं ताट धरल्यासारखे हात पुढे ठेवा आणि नजर स्कीवर न ठेवता जायच्या जागेवर ठेवा. माझं अंग मागे जाणं बंद झालं ते या ताटामुळे. हात पुढे असले की खांदे मागे जाऊच शकत नाहीत.

हे जमलं की वळणं सोपी आहेत. तोच आकार ठेवून डाव्या पायावर भार द्या, तुम्ही उजवीकडे वळाल. उजव्या पायावर दिला की डावीकडे.

पडणार असं वाटलं तर कुशीवर, चढाच्या बाजूला बसल्यासारखे पडा आणि हातातली काठी म्हणजे पोल सोडून द्या. मुठीत राहिला तर अंगठा दुखावतो. उठण्याआधी दोन्ही स्की आपल्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा. स्की निघाली असेल तर बुटाच्या तळाचा बर्फ खरवडून काढा आणि उताराकडच्या पायाची स्की आधी घाला.

स्नोबोर्ड निवडलात तर

स्की पहिल्या दिवशी सोपी वाटते आणि पुढे कठीण होत जाते. स्नोबोर्डचं उलटं: पहिले दोन दिवस सारखं पडणं, मग एकदम गती. गुडघे नाजूक असणाऱ्यांना बोर्ड बरा पडतो, मनगटांची मात्र काळजी घ्यावी लागते.

घरी गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत येऊन घसरा. जो पाय आपसूक पुढे येतो, तोच बोर्डवर पुढे ठेवायचा. पुढचा पाय बांधून मागच्याने ढकलत चालायला शिका. मग दोन्ही पाय बांधून, उताराकडे तोंड करून, टाचेच्या कडेवर हळूहळू खाली सरका. बोटं वर ओढली की थांबाल. उताराकडची कड कधीही टेकू देऊ नका, ती टेकली की बोर्ड क्षणात आपटतो. सरकणं जमल्यावर झाडावरून पान गळतं तसं डावीकडे, मग उजवीकडे, असं झोके घेत उतरा.

पडताना मुठी मिटा. पुढे पडलात तर कोपरापासूनचे हात टेका, मागे पडलात तर हनुवटी छातीला लावून बसा. बोर्ड पायातून सुटत नाही, पण काढून ठेवलात तर उपडा ठेवा. सरळ ठेवलेला बोर्ड एकटाच खाली निघतो आणि कुणाच्या तरी नडगीवर जाऊन थांबतो.

उतारावरचे नियम

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम जगभर मानतात. नवख्याने तीन तरी पाठ करावेत. तुमच्या पुढे, खाली जो आहे त्याचा हक्क पहिला; त्याला चुकवायची जबाबदारी तुमची. थांबायचं तर कडेला, वरून दिसेल अशा जागी. पुन्हा निघताना आधी वर बघा.

गंडोल्यात कधी बसायचं

गुलमर्गच्या गंडोल्याचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. तिथून स्की करत खाली यायचा मोह सगळ्यांना होतो. माझी कसोटी अशी: प्रशिक्षकाने बर्फात रोवलेल्या काठीशी तुम्ही तीनपैकी तिन्ही वेळा थांबू शकलात तरच त्याच्यासोबत जा. मला हे चौथ्या दिवशी जमलं.

दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर जातो. ती नवख्यांची जागा नाही. तिथला बराचसा उतार मोकळा पहाड आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. वर जाऊन बघायचं असेल तर स्की खाली ठेवून जा आणि गंडोल्यानेच परत या. प्रवास विमा घेताना त्यात स्कीइंग आहे का हे वाचून घ्या. साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात.

रोज संध्याकाळी बुटाचं आतलं अस्तर मोकळं करून खोलीत वाळवा, बुखारीला (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीला) मात्र चिकटवून ठेवू नका. आणि दुपारी मांड्या थरथरायला लागल्या, छपराचा आकार धरवेना झाला, की त्या दिवसाची स्की तिथेच काढा, मग मैदानाचा अर्धा उतार उरला असला तरी. खांद्यावर स्की घेऊन कडेकडेने चालत या.