मागच्या बाकावरच्या खासदारासोबत काम करायचं असेल तर

कॉलेजच्या ज्युनियर मुलामुलींचे फोन येतात, ताई तू खासदारांकडे होतीस ना, तिथे नक्की काम काय असतं, पॉलिटिकल सायन्सच लागतं का, इंग्रजी किती लागतं. दर वेळी फोनवर अर्धवटच सांगून होतं म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी मराठवाड्यातल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका लोकसभा खासदारांकडे संसदीय कामासाठी होते. मंत्री नाहीत, पक्षात मोठं पद नाही, टीव्हीवर कोणी बोलवत नाही, सभागृहात जागा पार मागे. त्यामुळे मोठ्या नेत्याच्या ऑफिसात काय चालतं ते मला विचारू नका, मला फक्त हेच माहितीये आणि मला वाटतं शिकायला हीच जागा सगळ्यात चांगली आहे.

आधी वेळेचं गणित समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यातून निघतं. समजा एखाद्या विधेयकाला कार्य सल्लागार समितीने ६ तास दिले. म्हणजे ३६० मिनिटं. सभागृहात ५४३ सदस्य. सरळ भागलं तर एकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. प्रत्यक्षात वेळ पक्षाला मिळतो, संख्याबळाप्रमाणे, त्यातला मोठा वाटा मुख्य वक्त्यांना जातो आणि उरलेल्यात मागच्या बाकावरच्यांना तीन मिनिटं, कधी चार, कधी रात्री आठ वाजता नाव पुकारलं जातं तेव्हा समोर मोजकीच माणसं असतात. मी पहिलं भाषण लिहून दिलं ते नऊ मिनिटांचं होतं. त्यात योजनेचा इतिहास होता, आकडे होते, शेवटी कविता होती. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "अगं, तिसऱ्या मिनिटाला बेल वाजते, तुझा मुद्दा सातव्या मिनिटाला येतोय." त्या दिवसापासून मी मुद्दा पहिल्या दोन वाक्यांत घ्यायला लागले. कुठल्या कलमावर बोलतोय, त्यामुळे कोणाचं काय होणार, बदल काय हवा. एवढंच. वेळ उरला तर उदाहरण. मराठीत सावकाश बोललं तर तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द बसतात, त्यापेक्षा जास्त लिहून देऊच नका, कारण मग खासदार घाईत वाचतात आणि काहीच पोचत नाही.

मराठीत बोलता येतं का, हे पण खूपजण विचारतात. येतं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत बोलता येतं आणि मराठीसाठी दुभाष्याची सोय सभागृहात आहे, फक्त आधी कळवून ठेवायचं. आमच्या मतदारसंघाचे विषय आम्ही मराठीतच घ्यायचो, कारण गावात लोक तो व्हिडिओ बघतात आणि त्यांना आपलं म्हणणं आपल्या शब्दांत ऐकायला मिळतं, ही छोटी गोष्ट नाही.

पण भाषण हा कामाचा लहान भाग आहे. नवीन आलेल्यांचं सगळं लक्ष भाषणावर असतं (माझंही होतं) आणि खरं काम प्रश्नांमध्ये असतं. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. रोज २० तारांकित प्रश्न, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, आणि २३० अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी पटलावर ठेवली जातात. कुठल्या मंत्रालयाचा कुठला वार ते ठरलेलं असतं. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यायची आणि नंबर बॅलटने लागतो, म्हणजे चिठ्ठीच निघते असं समजा. तारांकितमध्ये नंबर लागला तरी वरच्या पाचसहांत नसेल तर तासाभरात तिथपर्यंत गाडी पोचत नाही. म्हणून आम्ही जोर अतारांकितवर दिला आणि तुम्हालाही तेच सांगेन. लेखी उत्तर म्हणजे सरकारचा कागद असतो, मंत्रालयाने सही करून दिलेला आकडा, तो पुढे कुठेही दाखवता येतो.

माझा पहिलाच प्रश्न नामंजूर झाला. विषय होता पीक विम्याचा आणि मी मनापासून लिहिला होता. शेतकऱ्यांवर अन्याय होतोय हे सरकारला मान्य आहे का, कंपन्या नफा कमावतायत हे खरं नाही का, वगैरे. नंतर नियम नीट वाचले तेव्हा कळलं की प्रश्न १५० शब्दांच्या वर नको, त्यात युक्तिवाद नको, निष्कर्ष नको, उपरोध नको, आणि मुळात जो विषय राज्य सरकारचा आहे तो केंद्राला विचारता येत नाही. राग काढायला प्रश्न नसतो, माहिती काढायला असतो. हे वाचून वाईट वाटलं होतं कारण तो राग खरा होता. आमच्याकडे सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाऊस झाला होता आणि पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीचं नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. आता ज्या गावात तीन दिवस लाईट नाही, टॉवर बंद, रस्त्यावर पाणी, तिथला माणूस ७२ तासांत ॲपवर फोटो कसा टाकणार? एक आजोबा ऑफिसात आले होते, नातवाच्या मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट घेऊन, अर्ज उशिरा आला म्हणून नाकारला असं त्यात लिहिलेलं. चौथ्या दिवशी टाकला होता.

मग आम्ही प्रश्न परत लिहिला आणि मला वाटतं या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं मी इथेच शिकले. आजोबांची गोष्ट प्रश्नात घालता येत नाही, पण आजोबांसारखे किती हे विचारता येतं. गेल्या तीन वर्षांत उशिरा कळवलं या कारणाने किती दावे नाकारले, राज्यनिहाय आणि जिल्हानिहाय किती, मोबाईल नेटवर्क बंद असेल तर मुदतीत सूट द्यायची तरतूद आहे का, असेल तर तपशील, नसेल तर कारणं. चार तुकडे, कोरडी भाषा. तो मंजूर झाला. गाव आपलं, पण योजना देशाची, आणि प्रश्न योजनेच्या ज्या अटीत गाव अडकलंय त्या अटीवर विचारायचा. स्थानिक विषय आणि राष्ट्रीय विषय असे दोन वेगळे खण नसतातच, बहुतेक वेळा एकच असतो, फक्त जोडणारी अट शोधावी लागते. रेल्वेचा थांबा, राष्ट्रीय महामार्गाचं रखडलेलं काम, कांद्याची निर्यात हे तर सरळच केंद्राचे विषय. कांद्याचंच बघा, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली आणि तेव्हा वर ४० टक्के शुल्क लागलं, त्या सगळ्या काळात लासलगावच्या बाजारातला भाव हा दिल्लीतल्या एका अधिसूचनेचा विषय होता.

उत्तर आलं तेव्हा त्यात फक्त राज्यनिहाय तक्ता होता, जिल्ह्याचा नाही. इथे नवीन माणूस सोडून देतो. सोडू नका. पुढच्या अधिवेशनात आम्ही आधीच्या उत्तराचा नंबर आणि तारीख टाकून जिल्ह्याचं परत विचारलं, मधल्या काळात शून्य प्रहरात (तातडीचे विषय थोडक्यात मांडायची वेळ) विषय मांडायला नोटीस दिली, दोनदा नंबर लागला नाही, तिसऱ्यांदा लागला आणि साहेब जेमतेम दोन मिनिटं बोलले, आजूबाजूच्या काही खासदारांनी त्या विषयाशी स्वतःला जोडून घेतलं, म्हणजे आपलाही पाठिंबा नोंदवला. ही जोडून घ्यायची सोय नक्की वापरा, शेजारच्या मतदारसंघाच्या ऑफिसला आदल्या दिवशी फोन करून ठेवा, पक्ष दुसरा असला तरी चालतं, पाऊस सगळीकडेच पडलेला असतो. मग लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतल्या नियम ३७७ खाली मांडलं, त्याला २५० शब्दांची मर्यादा आहे आणि त्याचा फायदा असा की संबंधित मंत्रालयाकडून नंतर लेखी उत्तर येतं. नुसत्या शून्य प्रहरातल्या बोलण्याला मंत्र्याने उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नसतं, म्हणून दोन्ही करायचं.

आमच्या तालुक्यातल्या काही गावांचे अर्ज नंतर परत तपासायला घेतले गेले. सगळे नाही. आजोबांचा त्यात होता. तो आमच्यामुळे झाला की कृषी कार्यालयातल्या मोर्च्यामुळे, हे मी ठामपणे सांगू शकत नाही, दोन्हीचा हात असणार.

एक गोष्ट खास सांगते कारण ती मला खूप उशिरा कळली. कधीकधी उत्तर येतं की माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. वाचून वाटतं टोलवलं. पण हे वाक्य म्हणजे सरकारचं आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासनांची वेगळी समितीच आहे. मी एका वहीत अशी सगळी वाक्यं तारखेसकट लिहून ठेवायचे आणि तीन महिने झाले की पत्र तयार करायचे. तुम्ही एक्सेल करा, पण ठेवा.

मागच्या बाकावरून काय होणार असं वाटत असेल तर फिरोज गांधींचं मुंध्रा प्रकरण वाचाच. सत्ताधारी पक्षाचेच खासदार, मंत्री नाहीत, आणि डिसेंबर १९५७ मध्ये त्यांनी एलआयसीने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे का गुंतवले ते सभागृहात कागद घेऊन विचारलं, चौकशीला छागला आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. आणि आपल्याकडचे बॅरिस्टर नाथ पै, राजापूरचे खासदार, १९५७ पासून तीनदा निवडून आलेले. गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असं सांगितलं, त्यानंतर त्या भागातही दुरुस्ती करायचा संसदेचा अधिकार परत यावा म्हणून त्यांनी १९६७ मध्ये खाजगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) आणलं. ते त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही, १९७१ च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणून तेच केलं. त्या विधेयकाच्या बाजूने आणि विरोधात जी भाषणं झाली ती आजही वाचताना मी थांबते, एकमेकांचं म्हणणं ऐकून मग बोलायचे ती माणसं. खाजगी विधेयकं आजवर फक्त १४ कायदा झालीत, शेवटचं १९७० मध्ये, तरी आम्ही एक मांडलं होतं, कारण ते लिहिताना खासदाराला आणि आपल्यालाही स्पष्ट करावं लागतं की नक्की कोणता शब्द बदलायचाय. शुक्रवारी दुपारचे अडीच तास त्यासाठी असतात. त्या वेळी गॅलरीत जाऊन बसा, पासची सोय ऑफिसमधून होते.

अवघड भागही सांगायला हवा. विधेयकावर मतदान असेल आणि पक्षाने व्हिप (असंच मत द्या असा आदेश) काढला असेल तर खासदाराला विरुद्ध जाता येत नाही, १९८५ पासूनच्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्वच जाऊ शकतं. मी एका विधेयकावर दोन आठवडे टिपणं काढली, त्यातल्या एका कलमामुळे आमच्याकडच्या लोकांचं नुकसान होणार होतं हे साहेबांनाही पटलं होतं, आणि मत मात्र पक्षाच्या बाजूनेच गेलं. त्या रात्री मी रडले. दुसऱ्या दिवशी त्याच टिपणातले मुद्दे स्थायी समितीतल्या एका सदस्यांकडे पाठवले. मंत्रालयांचं काम आणि विधेयकं तपासणाऱ्या खासदारांच्या २४ विभागीय स्थायी समित्या आहेत, तिथे कॅमेरा नसतो, व्हिप नसतो, आणि खासदार खरंच प्रश्न विचारतात. तुमच्या खासदारांची समिती कुठली ते पहिल्याच दिवशी विचारा आणि तिचे जुने अहवाल वाचायला घ्या.

आता आत कसं शिरायचं. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१० मध्ये सुरू झाली, कुठल्याही शाखेचे पदवीधर चालायचे, वय २५ पर्यंत, पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशनापर्यंत एका खासदारासोबत काम असायचं, आता अर्ज मागवतायत का ते आधी बघा. ती नाही मिळाली तर थेट आपल्या खासदारांच्या ऑफिसला लिहा. पण "मला राजकारणात रस आहे" असं लिहू नका. संसदेच्या वेबसाईटवर त्या खासदारांचे सगळे प्रश्न आणि भाषणं आहेत, ती एका वर्षाची बसून वाचा, ज्या उत्तरात आकडा अर्धवट आलाय असं एक शोधा, आणि त्यावर पुढचा प्रश्न १५० शब्दांत लिहून अर्जासोबत जोडा. अधिवेशनाच्या दोनेक महिने आधी पाठवलंत तर बरं, अधिवेशन चालू असताना ऑफिसात कोणाला मेल उघडायला वेळ नसतो.