टर्बोचा दाब पडला, म्हणून सेन्सर बदलला? ट्रकवाल्यांनो, या चुका टाळा

"मालक, गाडी ओढंना गेली. किती बी रेस द्या, नुसती भुणभुण करायली." जालन्याहून सळई भरून सोलापूरकडे निघालेल्या गाडीचा असा फोन बहुतेक वेळा मांजरसुंब्याच्या घाटातूनच येतो. सपाटीला किंवा रिकाम्या गाडीत टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) थोडा कमी दाब देत असला तरी ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. भरल्या गाडीला चढ लागला की सगळं उघडं पडतं. डॅशबोर्डवर चेक लाइट लागतो, गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि जवळच्या गॅरेजात स्कॅनर लागतो. त्यावर 'एक्झॉस्ट प्रेशर' (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा दाब) एवढे शब्द दिसले की लगेच नवा सेन्सर मागवला जातो. चार दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो.

स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड वाचण्यातच पहिली गफलत होते. ट्रकच्या कोडमध्ये दोन भाग असतात. एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे ते: १०२ म्हणजे टर्बोचा बूस्ट (त्याने भरलेल्या हवेचा दाब), १२०९ म्हणजे एक्झॉस्टचा दाब, ३२५१ म्हणजे डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. एफएमआय म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते, आणि नेमकं हेच कुणी वाचत नाही. एफएमआय ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेज जास्त किंवा कमी आहे, म्हणजे वायर, कनेक्टर किंवा सेन्सरकडे बघायचं. ०, १, १६ किंवा १८ असेल तर सेन्सर बहुधा खरंच बोलतोय. दाबच बिघडलेला आहे. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं.

मिस्त्री फोनवर १०१ म्हणतो तेव्हा

सेन्सर बरोबर आहे का हे बघायची फुकटातली तपासणी आहे. इंजिन बंद करून मिनिटभर थांबा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. आता मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) आणि एक्झॉस्टमध्ये फक्त बाहेरच्या हवेचा दाब आहे. बूस्ट, एक्झॉस्ट आणि बाहेरच्या हवेचा असे सगळे सेन्सर जवळपास एकच आकडा दाखवायला हवेत.

तो आकडा किती? मुंबईचा मिस्त्री फोनवर १०१ किलोपास्कल सांगेल. तो समुद्रसपाटीचा आकडा झाला. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे ९४-९५ दिसणं बरोबर. नांदेड खाली आहे, तिथे ९७ च्या आसपास. त्यामुळे ९५ बघून 'सेन्सर मेला' म्हणू नका. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. काही स्कॅनर बाहेरचा दाब वजा करून दाखवतात, तिथे शून्य हेच उत्तर बरोबर. डीपीएफच्या फरकाचा सेन्सरही या वेळी शून्याजवळच हवा. एकच सेन्सर बाकीच्यांपासून लांब गेला असेल, तर मात्र तो किंवा त्याची वायरिंग संशयित.

ज्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंत बारीक नळी जाते, तिथे आणखी एक खूण बघा. इंजिन बंद केल्यावर दाबाचा आकडा झटकन खाली आला पाहिजे. तो हळूहळू उतरत असेल, किंवा रेस दिल्यावर उशिरा चढत असेल, तर नळीत काजळी बसली आहे. इंजिन गार झाल्यावर नळी काढून तारेने साफ करा. तार सेन्सरच्या तोंडात मात्र घालू नका. आतला पातळ पडदा फाटला की चांगला सेन्सर वाया गेला. नवा सेन्सर जुन्या तुंबलेल्या नळीवर बसवला तर कोड परत येतो, आणि दोष दुकानदाराला जातो.

डीपीएफच्या सेन्सरला दोन होज असतात. काम केल्यावर ते उलटे जोडले गेले की फरक उणे दिसतो. पुढचा होज तडकला असेल तर भोवती काजळीचा काळा डाग पडलेला असतो.

एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर सगळे सेन्सर विकत घेऊ नका. पुष्कळ सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच ठिकाणाहून मिळतो, आणि एक शॉर्ट झाला की सगळे खाली बसतात. एकेकाचा कनेक्टर काढत जा आणि ५ व्होल्ट कुठे परत येतात ते मीटरवर बघा. सोयाबीनच्या गोदामापाशी रात्रभर गाडी उभी असेल तर आधी वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का, तेही बघून घ्या.

धूर नाही म्हणजे गळती नाही?

जुन्या गाडीत इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज फाटला की काळा धूर यायचा, कुणालाही कळायचं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ती काजळी डीपीएफ अडवतो. धूर दिसत नाही, पण हवा कमी पडल्याने काजळी वाढते, डीपीएफ लवकर भरतो, मागचा दाब चढतो आणि शेवटी कोड येतो तो एक्झॉस्टचा. चूक पुढच्या होजची, खर्च मागच्या फिल्टरवर! म्हणून एक्झॉस्टचा कोड आला तरी टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक होज आणि क्लॅम्प हात लावून बघा. होजची खालची बाजू तर नक्की बघा, कारण तडा तिथेच लपतो. गॅरेजात कमी दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

एअर फिल्टरला बाहेरून जोरात हवा मारणं ही आपल्याकडची जुनी खोड. कागदाला भोक पडलं की शेतरस्त्यांची धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर साफ करायचाच नसतो, बदलायचा असतो. जिनिंगवरून कापसाच्या गठाणी वाहणाऱ्या गाड्यांनी इंटरकूलरच्या जाळीवर बसलेली रुईही काढावी.

मागचा दाब खरोखरच वाढला असेल तर आधी एक्झॉस्ट ब्रेकची झडप पूर्ण उघडते का ते बघा. ती अर्धवट अडकली तर डीपीएफला उगाच बोल लागतो. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत इंजिन तासन्‌तास चालू ठेवणं डीपीएफसाठी फार वाईट, कारण आयडलला एक्झॉस्ट गार राहतो आणि काजळी जळत नाही. ती जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं. रीजनरेशनचा (काजळी जाळून फिल्टर साफ करण्याचा) दिवा लागला की ते मधेच बंद करू नका, आणि उभ्या गाडीत करायचं असेल तर खाली पाचट, सरमाड काही नाही याची खात्री करा. आग लागते. डीपीएफ पोकळ करून कॉम्प्युटर फसवणारे भेटतील. ते बेकायदा आहे.

टर्बो काढायची वेळ शेवटी येते. शाफ्टला आडवा किंचित खेळ असतोच. पातं घराला घासत असेल तर टर्बो गेला. ॲक्च्युएटरचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या भागाचा) रॉड फिरवून दाब वाढवू नका. नवा टर्बो बसवताना ऑइलची फीड लाइन साफ करा किंवा बदला, आणि इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल व धातूचे तुकडे काढा.

काम झाल्यावर यार्डात उभी गाडी रेस करून काही कळत नाही, बिनभाराचा टर्बो पूर्ण दाब देतच नाही. जुने कोड पुसण्याआधी लिहून घ्या. भरलेली गाडी चढावर न्या, ड्रायव्हरच्या शेजारी स्कॅनर घेऊन दुसरा माणूस बसवा, आणि कॉम्प्युटरने मागितलेला बूस्ट व मिळालेला बूस्ट हे दोन आकडे जवळ राहतात का ते बघू द्या.