‘हे कोण बोलतंय’ एवढं बघायला मला वीस वर्षं लागली

लहानपणी संडेस्कूलमध्ये वचन पाठ केलं की बक्षीस मिळायचं, त्यामुळे बायबल म्हणजे सुटी सुटी वचनं असंच डोक्यात बसलेलं. कॉलेजात मग ‘एका वर्षात अख्खं बायबल’चं खूळ. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, दिवसाला सव्वातीन पडतात, १ जानेवारीला बसलं की उत्पत्ती आणि निर्गम महिन्याभरात उडतात आणि मग येतं लेवीय, नियमांचं तिसरं पुस्तक, अर्पणं, चरबी, गुरदे, महारोग, आणि गाडी रुतते. माझी तीनदा रुतली. म्हणून नवीन वाचणाऱ्यांनी सरळ मार्कपासून, म्हणजे येशूच्या गोष्टीपासून सुरू करा, १६च अध्याय, एका बैठकीत होतो.

पण माझं वाचणं खरं बदललं ते ईयोबामुळे, बायबलमधलं हे पुस्तक म्हणजे सगळं गमावलेल्या ईयोब नावाच्या माणसाची गोष्ट. मामाच्या दुकानात गल्ल्यामागे एक फ्रेम आहे, सुरुवात छोटी असली तरी शेवट खूप मोठा होईल, अशा अर्थाचं वचन, ईयोब ८:७, म्हणजे आठवा अध्याय, सातवी ओळ. इंटरव्ह्यूला जाताना मीपण हेच घोकायचो. मग धाकटा भाऊ गेला. घरी येणारा प्रत्येक जण एकेक वचन टाकून जायचा आणि आई नुसती मान हलवायची. रात्री झोप लागेना म्हणून ईयोब काढलं आणि पहिल्यांदाच गोष्टीसारखं सलग वाचलं, तर ८:७ देव बोलतच नाहीये! बोलतोय बिल्दद, ईयोबाचा मित्र, आणि कुणाला, तर ज्याची दहाच्या दहा मुलं घर कोसळून मेलीत त्या बापाला. तीनच ओळी आधी तो म्हणतोय की मुलांनी पाप केलं असेल, त्याचं भोगलं त्यांनी. आणि शेवटी ४२:७ मध्ये देव या मित्रांवरच भडकतो, माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत म्हणून. ते वाचून त्या रात्री मला चक्क बरं वाटलं. मामाला मात्र अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून वचन कुठलंही असो, आधी कोण बोलतंय, कुणाला, आणि पूर्ण अध्याय. यिर्मया २९:११ असंच बघा, तुमच्या भल्याचे बेत माझ्याकडे आहेत, तुम्हाला आशा आणि भविष्य देईन अशा अर्थाचं, दहावीच्या रिझल्टच्या वेळी सगळे फॉरवर्ड करतात ते. ते यिर्मया या संदेष्ट्याने बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि आदल्याच ओळीत ७० वर्षं म्हटलंय, म्हणजे ऐकणारे बरेचसे तिथेच मरणार होते. घरं बांधा, बागा लावा असं त्याच पत्रात आहे, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

बाकी लेवीय चौथ्यांदा पार झालं बरं का. १९:९ ला थांबलो, शेत पार कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. म्हणजे सरवा! बायबलमधली विधवा रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात वेचते तोच. आमच्या आजीने नगरकडच्या बाजरीच्या रानात सरवा वेचून पोरं वाढवली, तिला वाचता यायचं नाही, म्हणून मी वाचून दाखवलं तर म्हणते, “आमच्या पाटलानं हे पान वाचल्यालं न्हाई मग.”