कणा आखडतोय? पोटाचीही नोंद ठेवा

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या (दाहाने कणा हळूहळू ताठ करणाऱ्या संधिवाताच्या) जवळपास निम्म्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म दाह सापडतो, आणि त्यातल्या अनेकांना पोटाची काहीच तक्रार नसते. एचएलए-बी२७ हे या आजाराशी जोडलेले मानवी जनुक घातलेले उंदीर जंतुमुक्त वातावरणात वाढवले, तर त्यांचे आतडे आणि सांधे सुजत नाहीत. नेहमीचे जिवाणू पोटात गेले की सुजतात. माणसात मात्र एकच दोषी जिवाणू सिद्ध झालेला नाही. म्हणून जिवाणूंची यादी देणाऱ्या महागड्या शौचतपासणीवर पैसे घालवू नका, तिने उपचार बदलत नाहीत.

पाठदुखी ४५ वर्षांच्या आत हळूहळू सुरू झाली, ३ महिन्यांहून जास्त टिकली, पहाटे झोप मोडते, हालचालीने मोकळे वाटते पण पडून राहिल्याने नाही, असे असेल तर संधिवाततज्ज्ञांना गाठा.

भेटीआधी २ आठवडे रोज लिहा: सकाळचा ताठरपणा किती मिनिटे, शौचाला किती वेळा, रक्त किंवा आव पडते का, कोणती वेदनाशामक गोळी किती घेतली. गोळीची नोंद सर्वांत महत्त्वाची. यातल्या आयबुप्रोफेनसारख्या दाहशामक गोळ्या आतड्याला त्रास देऊ शकतात आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिनही (आतड्याच्या दाहाची खूण असलेले प्रथिन) वाढवू शकतात. हे प्रमाण साधारणपणे प्रति ग्रॅम ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. ते वाढलेले दिसले की आधी गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांना दाखवा. तपासणीपूर्वी त्या थांबवायच्या का, हे त्यांनाच ठरवू द्या.

जैविक औषध (दाह घडवणारे ठरावीक प्रथिन रोखणारे इंजेक्शन) सुरू होणार असेल तर पोटाचा जुना त्रास आणि घरात कुणाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे आजार) आहे का, हे न विचारताही सांगा. या औषधांपैकी सेक्युकिनुमॅबने आतड्याचा दाह भडकू शकतो, इटानरसेप्ट क्रोन्सवर चालत नाही, तर अडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब कणा आणि आतडे दोन्हींकडे उपयोगी पडतात. इतका फरक एका वाक्याने पडतो!

आहाराबद्दल: पिष्टमय पदार्थ तोडण्याचा सल्ला बराच फिरतो, पण त्याला भक्कम पुरावा नाही आणि वजन मात्र घटते. प्रोबायोटिकचेही (उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या गोळ्या-पुड्यांचे) तेच, चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवा. एकदम वाढवले तर पोट फुगते. आतडे अरुंद झाल्याचे निदान असेल तर विचारल्याशिवाय वाढवू नका. धूम्रपान सोडा, ते कण्याला आणि क्रोन्सला दोन्हींना वाईट.

शौचातून रक्त, रात्री उठवणारे जुलाब किंवा विनाकारण वजन घटणे दिसले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.